बाटलीवर तारीख नसेल तर ते तेल चेहऱ्याला लावू नका

रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये मी काम करते. क्रीम, लोशन, साबण बनवणाऱ्या कारखान्यांना आम्ही तेलं पुरवतो. दिवसभर माझ्या हाताखालून तेच जातं: खोबरेल, तीळ, सूर्यफूल, बदाम, एरंडेल, जोजोबा, रोझहिप. जोडीला संत्र्याच्या सालीचं, लॅव्हेंडरचं, टी ट्रीचं, गवती चहाचं अशी सुगंधी अर्कतेलं, ज्यांना आता सगळेच इसेन्शियल ऑइल म्हणतात. त्यामुळे नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी नवीन बाटली आणली की ती एकदा माझ्याकडे येतेच. प्रश्नही ठरलेला असतो: "ताई, नैसर्गिक आहे हो सगळं. लावायला हरकत नाही ना?"

तेवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही. तेल कोणतं आहे, किती जुनं आहे, कुठे ठेवलं होतं, किती पातळ केलंय आणि ते कुणाच्या अंगाला लागणार आहे, हे कळलं तर सांगता येतं. यातलं 'किती जुनं' हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्याकडे मात्र सगळ्यात जास्त माल त्याच कारणाने परत जातो. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी झाडाबद्दल थोडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांचे वाटे घेऊन बायका बाजारात बसतात. ते गर सोलणाऱ्या हातांकडे कधी बघा. टरफलातला चीक लागला की कातडी काळी पडते, सोलवटते, म्हणून कोकणात सोलायला बसण्याआधी हातांना खोबरेल चोपडतात. काजूच्याच कुळातला बिब्बा. गुडघा दुखतो म्हणून बिब्ब्याचं तेल लावलं आणि बिब्बा उतला, अंगभर फोड आले, हे गावाकडच्या घरांत कुणी ना कुणी पाहिलेलं असतंच. चीक झाडाचा, बिब्बा झाडाचा आणि खोबरेलही झाडाचंच. दोघं कातडी जाळतात आणि तिसरं तिला वाचवतं. तेव्हा 'झाडापासून आलं' एवढ्यावर कुणी तुम्हाला निर्धास्त करत असेल तर होऊ नका.

आता मूळ मुद्दा. तेल बाटलीत नुसतं पडून राहत नाही. त्याच्या रेणूंमध्ये जिथे दुहेरी बंध असतात, तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. आधी पेरॉक्साइडं तयार होतात आणि त्यांना जवळजवळ वास नसतो. पुढे ती तुटतात, त्यांची आल्डिहाइडं होतात, तेव्हा आपण नाक मुरडून म्हणतो, तेल खवट झालं. म्हणजे नाकाला पत्ता लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. उजेड, उष्णता आणि धातू या कामाला हातभार लावतात. तांबं आणि लोखंड तर फारच. काशाच्या वाटीने तळपाय घासायला माझी ना नाही, पण तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवून ठेवू नका.

सगळी तेलं सारख्या वेगाने बिघडत नाहीत. खोबरेलात दुहेरी बंध अगदी कमी, त्यामुळे ते बराच काळ टिकतं. जोजोबा हे खरं तर पातळ मेण आहे, तेही टिकतं. पण रोझहिप, द्राक्षबियांचं, जवसाचं, सूर्यफुलाचं तेल पटकन बिघडतं. आणि गंमत अशी की चेहऱ्यासाठी महागात विकली जातात ती बहुतेक याच जातीची असतात, कारण त्यांतलं लिनोलिक आम्ल त्वचेला खरोखर उपयोगी असतं. ज्या गुणासाठी आपण ते तेल घेतो, तोच गुण त्याला लवकर शिळं करतो. लाकडी घाण्याच्या तेलाचंही तसंच. ठाण्यात आता जागोजागी घाणे दिसतात आणि मला त्याचा आनंद आहे. स्वयंपाकाला मी तेच आणते. पण घाण्याचं तेल न गाळता, ओलसर बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवलं तर ते रिफाइंड तेलापेक्षा जास्त टिकेल अशी खात्री कुणी देऊ नये.

समोरच्या विंगमधल्या वहिनींची मुलगी, आपण तिला मृण्मयी म्हणू, कॉलेजात शिकते. तिच्या जबड्याच्या कडेने आणि मानेवर करडे-काळपट पट्टे उठायला लागले. आधी थोडी खाज, मग खाज गेली आणि रंग राहिला. वहिनींना वाटलं उन्हाने झालं असेल. मी विचारलं, चेहऱ्याला नवीन काय लावतेस? तिने बाथरूमच्या खिडकीतून एक देखणी काचेची बाटली आणून दिली. एका प्रदर्शनातून घेतलेलं 'फेस ऑइल'. काच पांढरी, पारदर्शक. लेबलवर हाताने काढल्यासारखी फुलं आणि खाली लिहिलेलं: रोझहिप, संत्रं, लॅव्हेंडर, शंभर टक्के नैसर्गिक. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. बाथरूमच्या त्या खिडकीत दुपारचं ऊन थेट येतं. झाकण उघडलं तर वरवर संत्र्याचा वास आणि त्याच्याखाली जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास.

साहेबांना विचारून ती बाटली मी कंपनीत नेली. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलात पेरॉक्साइडं किती आहेत तो आकडा, काढणं हे आमचं रोजचं काम आहे, पण बाहेरच्या माणसाला ते कधी बघायला मिळत नाही, म्हणून सांगते. कॉनिकल फ्लास्कमध्ये पाचेक ग्रॅम तेल मोजून घ्यायचं, ॲसेटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्मच्या मिश्रणात ते विरघळवायचं आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण अर्धा मिलिलिटर टाकायचं. एक मिनिट हलवायचं. तेलात पेरॉक्साइडं असतील तर ती आयोडीन मोकळं करतात आणि फ्लास्कमधलं पिवळं होत जातं. मग पाणी घालून ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग फिका झाला की स्टार्च घालायचं, सगळं एकदम गडद निळं होतं. आता त्या निळ्यावर डोळा ठेवून पुन्हा थेंब थेंब. जितकं थायोसल्फेट लागेल तितकी पेरॉक्साइडं जास्त.

ताज्या रोझहिपचा आमच्याकडे ठेवलेला नमुना आधी केला. निळा रंग बघता बघता उडाला. मृण्मयीच्या तेलात पोटॅशियम आयोडाइड पडताच फ्लास्क गर्द पिवळा झाला आणि नंतरचा निळा काही केल्या जाईना. हिशेब केला तर किलोमागे ५० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास आकडा आला. खाद्यतेलांसाठी कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, घालून दिलेली मर्यादा रिफाइंड तेलाला १० आणि घाण्याच्या, कोल्ड प्रेस्ड तेलाला १५ आहे. चेहऱ्याला लागणाऱ्या मालासाठी आम्ही त्याहून कडक आकडा धरतो. एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. पेरॉक्साइडं पुढे तुटत जातात, त्यामुळे फार जुन्या तेलात हा आकडा परत खाली येऊ शकतो. म्हणून संशय असेल तर आल्डिहाइडं मोजणारी ॲनिसिडिन व्हॅल्यूही काढावी लागते. नुसता एक आकडा दाखवून कुणी 'आमचं तेल लॅब टेस्टेड आहे' म्हणत असेल तर दुसराही मागा.

वहिनींना मी एवढंच सांगितलं की तेल शिळं आहे, हे वापरणं आजपासून बंद. डाग त्यानेच आले हे माझ्या फ्लास्कमधल्या चाचणीवरून ठरत नाही, ते त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करूनच ठरवायचं. त्यांनी केली. पाठीवर वेगवेगळ्या घटकांच्या बारीक चकत्या चिकटवतात, दोन दिवस भिजू द्यायच्या नाहीत, मग काढून बघतात आणि परत दोनेक दिवसांनी बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते. आपल्याकडच्या लोकांसाठी ठरवलेली अशा घटकांची एक भारतीय प्रमाणित मालिकाही आहे. मृण्मयीला फ्रेग्रन्स मिक्सच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाच्या, जागी लाल, खाजरं उठलं. तिच्या बाटलीतलं तेलही वेगळं लावून बघितलं होतं. तिथेही उठलं.

हे असं का होतं, त्याचं उत्तर स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून शोधलंय. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनिन असतं. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल भरपूर. ताजी असताना ही दोन्ही द्रव्यं फारशी ॲलर्जी करत नाहीत. पण हवा लागली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं बनतात आणि ती मात्र पक्की ॲलर्जी जडवणारी. टी ट्री तेलाचंही तसंच, उघडून ठेवलेलं जुनं तेल ताज्यापेक्षा जास्त त्रास देतं. युरोपात म्हणूनच अशी २६ सुगंधी द्रव्यं लेबलवर नावानिशी छापावी लागत होती आणि २०२३ साली ती यादी ८०च्या पुढे वाढवली. अंगावर राहणाऱ्या क्रीमात ०.००१ टक्क्याहून जास्त असलं तरी नाव लिहायचं. द्रव्य निसर्गातून आलंय की कारखान्यातून, असा भेद तिथला नियम करत नाही. मला ते शंभर टक्के पटतं.

आपल्या रंगाच्या त्वचेबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परदेशातल्या फोटोंत अशी ॲलर्जी लालभडक दिसते. आपल्यात लाली कळत नाही, थोडी खाज येते, जाते आणि मागे काळपट डाग ठेवते. मग आपण त्याला ऊन, हार्मोन्स, 'उष्णता' काहीही म्हणतो आणि डाग घालवायला त्यावर तेच तेल आणखी चोळतो. डाग जायला महिने लागतात. आणि ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्माची. मृण्मयीला आता परफ्यूम, सुगंधी हँडवॉश, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं वासाचं तेल, सगळंच जपून. वीस वर्षांच्या मुलीला हे सांगताना मला मनापासून वाईट वाटलं. त्या दिवाळीच्या तेलाचं सगळ्यांनाच सांगते: ती छोटी बाटली उरते, कपाटात जाते आणि पुढच्या नरकचतुर्दशीला पुन्हा निघते. ती टाका. नवीन आणा.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि इथे बावचीचं नाव घ्यावंच लागेल. जांभळी नाक्यावर काष्ठौषधींच्या दुकानात बावचीचं बी सहज मिळतं, तेलही मिळतं. बावचीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीत शिरतात आणि उन्हातले अतिनील 'ए' किरण पडले की पेशींना इजा करतात. आयुर्वेदात कोडावर बावची लावून ऊन घ्यायला सांगतात ते त्यामुळेच, आणि आधुनिक वैद्यकातली पूवा उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे: सोरालेन आणि मोजूनमापून दिलेले किरण. वैद्याच्या हातात ते औषध आहे. पण हल्ली 'बाकुचिऑल' या नावाने सुरकुत्यांवर एक घटक गाजतोय आणि तो महाग पडतो म्हणून मुली सरळ बावचीचं तेल आणून रात्रंदिवस तोंडाला लावतात. हे दोन्ही एक नव्हेत. शुद्ध केलेल्या बाकुचिऑलमधून सोरालेनं काढून टाकलेली असतात, बावचीच्या तेलात ती असतात. तेल लावून सकाळी कामाला निघायचं, ट्रान्स-हार्बर लोकलला खिडकीशी बसायचं, काचेतूनही 'ए' किरण आत येतातच, आणि भाजल्यासारखे फोड यायचे दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे कारण तेल आहे हे डोक्यातही येत नाही.

बाकुचिऑलचा विषय निघालाच आहे तर अभिमानाने सांगते, हा रेणू बावचीतून प्रथम वेगळा केला तो आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली तो प्रसिद्ध केला. अलीकडे ४४ जणांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत ०.५ टक्के बाकुचिऑलने सुरकुत्यांवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या रेटिनॉलच्या, तेही ०.५ टक्के, तोडीचं काम केलं आणि आग, सालं निघणं हा त्रास रेटिनॉलपेक्षा कमी झाला. ४४ माणसं थोडी आहेत, पण घटक चांगला वाटतो. फक्त ज्या कंपनीकडून घ्याल तिला विचारा: सोरालेन किती उरलंय ते मोजता का? आमच्याकडे बाकुचिऑलसोबत येणाऱ्या सीओएमध्ये, म्हणजे तपासणीच्या दाखल्यात, मी ती ओळ आधी बघते.

उन्हाचाच दुसरा गुन्हेगार बर्गमॉट. त्या लिंबूवर्गी फळाच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन असतं. कोलोन लावून उन्हात गेलेल्यांच्या मानेवर थेंब ओघळल्यासारखे तपकिरी डाग पडायचे, तेव्हा त्याचा शोध लागला. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इफ्राने, अंगावर राहणाऱ्या उत्पादनात बर्गमॉट तेल ०.४ टक्क्यांवर जाऊ देऊ नये असं ठरवलंय. घाण्यासारख्या दाबाने काढलेल्या लिंबाच्या सालीच्या तेलालाही मर्यादा आहे. हे आकडे डोळ्यांसमोर आणायचे तर असं करा: एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर १० मिलिलिटर तेलात एक थेंब टाकला की अर्धा टक्का झाला. म्हणजे बर्गमॉटचा तो एक थेंबसुद्धा जास्त. इन्स्टाग्रामवर 'आठ-दहा थेंब टाका' सांगणारे व्हिडिओ बघते तेव्हा माझ्या काळजात धस्स होतं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मलासेझिया नावाचं यीस्ट राहतं. त्याला स्वतःला स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती बाहेरून घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत ते वाढवायला माध्यमावर ऑलिव्ह तेल घालतात. ठाण्याच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पाठीला, छातीला, कपाळाला वनस्पती तेल चोपडून बसलं तर त्याला आयतं खाद्य मिळतं. शिबं उठतात, केसांच्या मुळाशी बारीक खाजऱ्या पुळ्या येतात, कोंडा वाढतो. शिबं असलेल्या मुलाला 'कोरडं पडलंय' म्हणून तेल लावत राहणाऱ्या आया मी बघते, त्यांना सांगावंसं वाटतं, तेल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. कपाळावरच्या पुळ्यांचंही केसांच्या तेलाशी नातं असू शकतं. १९७० सालीच अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी त्याला 'पोमेड ॲक्ने' असं नाव दिलंय.

आणि आता तान्ही बाळं, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. माझी भाची ऐरोलीला राहते, तिला नुकतंच बाळ झालं. मालिशवाल्या मावशी ऑलिव्हचा आग्रह धरून बसल्या, सासूबाई बदामाचा. भाचीने रात्री फोन केला, "मावशी, तूच सांग." मी तिला जे सांगितलं ते असं. ऑलिव्ह आणि बदाम, दोन्हींत ओलिक आम्ल भरपूर. हे आम्ल कातडीच्या वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांची वीण उसवतं, औषधं कातडीत शिरावीत म्हणून औषधनिर्मितीत ते मुद्दाम वापरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर त्वचेचं संरक्षक आवरण कमजोर झालं, सूर्यफुलाने झालं नाही. ढाक्याच्या रुग्णालयात दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, तेव्हा रुग्णालयात लागणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पण पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवर मँचेस्टरला अभ्यास झाला, २०१६ साली, त्यात ऑलिव्ह आणि सूर्यफूल दोन्हींनी त्वचेतल्या स्निग्ध थराची नैसर्गिक घडण जराशी मागे राहिली. म्हणजे धडधाकट बाळाच्या कातडीला तेलाची गरज आहेच असं नाही. मालिश करायची ती स्पर्शासाठी, बाळाला बरं वाटतं म्हणून. त्यासाठी साधं, बिनवासाचं, ताजं खोबरेल घे, हलक्या हाताने, थोडंसं, आणि नंतर नीट पुसून घे. मनिलामध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर ८ आठवडे चाचणी झाली, तिथे व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं, हेही तिला सांगितलं.

काय नको ते जास्त ठणकावून सांगितलं. कापूर किंवा निलगिरी घातलेलं तेल बाळाच्या छातीला, नाकाजवळ नको. कापूर कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि लहान मुलांना त्याने झटके आल्याच्या नोंदी आहेत. मोहरीचं तेल नको, त्यातला झणझणीतपणा आयसोथायोसायनेटचा आणि तो कातडीला बोचतो. बाळाच्या अंगावर चट्टे असतील, कातडी फुटली असेल, तर शेंगदाण्याचं तेल किंवा ते असलेलं मलम अजिबात नको. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २००३ साली, लहानपणी फुटलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलाची मलमं लावणं आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होणं यांचा संबंध दिसला होता. आणि टाळू भरायला मावशी जी वाटी वापरतात त्यातलं कालचं उरलेलं तेल परत बाटलीत ओतायचं नाही. भाचीने आणि मावशींनी दोघींनी ऐकलं, मला फार समाधान वाटलं.

मिनरल ऑइलची बाजू कुणीच घेत नाही, म्हणून मी घेते. ते पेट्रोलियमपासून बनतं, पण औषधी दर्जाचं शुद्ध केलेलं लिक्विड पॅराफिन आणि व्हॅसलिन खवट होत नाहीत, ॲलर्जी क्वचित करतात आणि मलासेझियाला खाऊ घालत नाहीत. चिरलेल्या टाचा, कोरडे ओठ, एक्झिमा यांना त्वचेचे डॉक्टर व्हॅसलिन सांगतात ते विचारपूर्वक. मला स्वतःला खोबरेल आवडतं, आईच्या हाताचं आहे म्हणून. पण आवड वेगळी आणि पुरावा वेगळा.

घरी क्रीम करणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण ती गांभीर्याने घ्या. नुसत्या तेलात जंतू सहसा वाढत नाहीत. त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस, काहीही पाणीदार पडलं की वाढतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. व्हिटॅमिन ईची गोळी फोडून घातली की टिकतं, असं सगळे सांगतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं, तेही ताज्या तेलात घातलं तर. जंतूंना ते रोखत नाही. पाणीदार मिश्रण करायचंच असेल तर एका वेळेपुरतं करा आणि उरलेलं टाका.

विकत घेताना कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असायलाच हवी. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे 'रोझहिप'चं मोठं चित्र असलेल्या बाटलीत रोझहिप यादीत कितव्या जागी आहे ते लगेच कळतं. परवाना आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन देतं. घरगुती प्रमाणावर बनवून विकणाऱ्यांनाही तो लागतो. प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या कितीतरी बायका मनापासून, कष्टाने काम करतात, त्यांचा मला आदर आहे. त्यांना दुखवायचं म्हणून नव्हे, तर त्यांनी हे शिकून घ्यावं म्हणून तारीख आणि परवाना विचारा.

माझ्या घरी चेहऱ्याला लागणारं तेल गडद तपकिरी काचेच्या छोट्यात छोट्या बाटलीत येतं आणि बेडरूमच्या बंद कपाटात राहतं, बाथरूममध्ये कधीच नाही. उघडलं त्या दिवशीच मार्करने तारीख लिहायची. रोझहिपसारखं पटकन बिघडणारं असेल तर फ्रिजमध्ये. नवीन काही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडाभर तरी लावून बघायचं. एकदा लावून दहा मिनिटं वाट बघण्याला काही अर्थ नाही, कारण ही ॲलर्जी उमटायलाच दोन ते चार दिवस घेते. खाज आली, पुरळ आलं, रंग बदलला, तर ते चेहऱ्यापर्यंत जाऊच द्यायचं नाही.

आणि चेहऱ्यावर आधीच काही उठलं असेल तर रागाच्या भरात बाटली फेकून देऊ नका. ती, तिचं खोकं, लेबल, शिवाय तुम्ही वापरत असलेलं केसांचं तेल, उटणं, साबण, सगळं एका पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पॅच टेस्टला त्यांना नेमकं तेच लागतं.